सपाट मुखाच्या श्वानजाती आणि पाठीच्या कण्याचे विकार : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : श्वानप्रदर्शन, जातिमानक, वंशावळ, अर्धमणका, मणक्यातील गादी, मळसूत्री शेपटी.

प्रास्ताविक

पाळीव प्राण्यांच्या रोगांचा विचार सामान्यतः पशुवैद्यकशास्त्राच्या कक्षेत केला जातो. रोगाचे कारण जंतूत, आहारात किंवा जनुकात शोधले जाते आणि तेथेच शोध थांबतो. परंतु काही रोग असे आहेत की, ज्यांचे जैविक कारण सांगून झाल्यावरही मुख्य प्रश्न शिल्लकच राहतो. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पग आणि पेकिनीज या सपाट मुखाच्या श्वानजातींमध्ये आढळणारे पाठीच्या कण्याचे विकार हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या शरीरदोषामुळे प्राण्याचे मागील पाय लुळे पडू शकतात, तो दोष एखाद्या जातीतील जवळजवळ प्रत्येक प्राण्यात कसा पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर केवळ सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात शोधावे लागते.

व्हिक्टोरियाकालीन समाज आणि प्राणी यांच्या संबंधांवर हॅरिएट रिट्वो यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द ॲनिमल इस्टेट’ हा ग्रंथ, तसेच मायकेल वॉरबॉईज, ज्युली-मेरी स्ट्रेंज आणि नील पेम्बर्टन यांचा २०१८ मधील ‘द इन्व्हेन्शन ऑफ द मॉडर्न डॉग’ हा ग्रंथ यांनी या विषयास इतिहासलेखनात स्थान मिळवून दिले. आज आपण ज्यास श्वानाची ‘जात’ म्हणतो ती प्राचीन नैसर्गिक वस्तू नसून एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे, हे या अभ्यासकांचे प्रमुख प्रतिपादन आहे. प्रस्तुत निबंधात हेच प्रतिपादन शरीराच्या एका अवयवापुरते, म्हणजे पाठीच्या कण्यापुरते तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) सपाट मुखाच्या श्वानजातींची आजची शरीररचना कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत घडली, हे पाहणे.
२) कण्याच्या विकारांविषयीचे वैद्यकीय ज्ञान कसे विकसित झाले, याचा आढावा घेणे.
३) मुखाचा सपाटपणा व कण्याचे विकार यांचा संबंध जैविक आहे की ऐतिहासिक, याची चिकित्सा करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, श्वानसंस्थांची जातिमानके, इतिहासग्रंथ आणि प्रकाशित वैज्ञानिक संशोधन यांचा आधार घेतला आहे.

विकारांचे स्वरूप

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी दोन भिन्न विकारांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण सर्वसाधारण बोलण्यात ते एकत्र मिसळले जातात.

पहिला विकार जन्मजात आहे. गर्भावस्थेत मणका पूर्ण घडत नाही. त्याचा एखादा भाग अविकसित राहतो आणि मणक्याला पाचरीसारखा किंवा फुलपाखरासारखा आकार येतो. यास अर्धमणका असे म्हणता येईल. असे मणके प्रामुख्याने छातीच्या भागात आढळतात. पाचरीच्या आकाराचे मणके एकापुढे एक आले की कणा वर उचलला जातो व कुबड येते. काही प्राण्यांत मज्जारज्जूवर दाब येऊन मागील पायांची चाल अडखळते, तोल जातो आणि मलमूत्रावरील नियंत्रणही सुटते. अनेक प्राण्यांत मात्र क्ष-किरण चित्रात असे मणके दिसूनही आयुष्यभर कोणतेही लक्षण उद्भवत नाही. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दुसरा विकार मणक्यांमधील गादीचा आहे. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये बाहेरून तंतुमय कडे व आत मऊ गर असलेली गादी असते. ती धक्के शोषून घेते. काही जातींत हा गर अगदी लहान वयात कूर्चेसारखा घट्ट होतो व त्यात चुना साचतो. मग बाहेरील कडे फाटून तो गर वर मज्जारज्जूवर आदळतो. साधारण तीन ते सहा वर्षे वयाचा, सकाळी धडधाकट असलेला कुत्रा संध्याकाळी मागील पाय ओढत चालू लागतो, तो या विकारामुळे. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास पुष्कळ प्राणी पुन्हा चालू लागतात. परंतु पायांतील खोलवरची वेदनासंवेदनाही नष्ट झाली असेल तर बरे होण्याची शक्यता बरीच घटते.

थोडक्यात, पहिल्या विकारात हाड चुकीचे घडते, तर दुसऱ्यात गादी अकाली झिजते. फ्रेंच बुलडॉगमध्ये हे दोन्ही एकत्र आढळतात. हे एकत्र येणे हाच इतिहासाच्या अभ्यासकाचा विषय आहे.

कामाकडून प्रदर्शनाकडे

इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ अनेक शतके चालत होता. बुलडॉग हा त्या खेळातील कुत्रा. बैलाच्या नाकपुडीला धरून लोंबकळणे हे त्याचे काम असल्यामुळे रुंद जबडा व मजबूत मान यांना महत्त्व होते. तथापि बैलाची शिंगे चुकवण्यासाठी चपळ पाय व लवचीक पाठही तितकीच आवश्यक होती. ज्याची पाठ अधू असेल तो कुत्रा रिंगणातून जिवंत परतत नसे. खेळ क्रूर होता, यात शंका नाही. परंतु त्या क्रौर्यातच शरीराच्या क्षमतेची एक परीक्षाही दडलेली होती.

१८३५ च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याने हा खेळ बंद झाला. प्राणिदयेच्या इतिहासात या कायद्याचे स्थान मोठे आहे. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, बुलडॉगला काम उरले नाही आणि त्याच्या शरीराची परीक्षा घेणारे काहीच उरले नाही. ती पोकळी भरून काढली श्वानप्रदर्शनाने. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे भरलेले प्रदर्शन हे आधुनिक श्वानप्रदर्शनांतील पहिले मानले जाते. तेथे केवळ पॉइंटर व सेटर हे शिकारी कुत्रे होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पिसीज’ प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या ग्रंथात डार्विनने बुलडॉग व ग्रेहाउंड यांच्या पिल्लांची तुलना केली असून, प्रौढ कुत्र्यांइतका फरक पिल्लांत दिसत नाही असे नोंदविले आहे. मानवी निवड शरीराला किती दूर नेऊ शकते, याची जाणीव विज्ञानाला आणि छंदी पैदासकारांना एकाच काळात झाली होती.

१८७३ मध्ये लंडन येथे केनेल क्लबची स्थापना झाली व पुढील वर्षी पहिली वंशावळ-नोंदवही प्रसिद्ध झाली. बुलडॉगचे लिखित वर्णन त्याआधीच, १८६५ मध्ये, ‘फिलो-कुऑन’ या टोपणनावाने तयार झाले होते. १८७५ मध्ये बुलडॉग क्लब स्थापन होऊन मानक निश्चित झाले. यानंतर कुत्र्याची परीक्षा रिंगणात होत नव्हती. ती कागदावरील वर्णनाशी ताडून होत होती.

मानकातील पाठ आणि शेपटी

जातिमानक हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. बुलडॉगच्या परंपरागत मानकात पाठीचे वर्णन सविस्तर आढळते. खांद्यामागे किंचित खोलगट होऊन कणा कमरेकडे वर चढावा, कमर खांद्यापेक्षा उंच असावी आणि तेथून शेपटीकडे एकदम उतरावी. असा बाक हे या जातीचे खास लक्षण समजावे, असे मानक सांगते. शेपटी आखूड व खाली असावी, ही अपेक्षा आहे. अमेरिकी मानकाने तर शेपटी सरळ किंवा मळसूत्री असावी, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले.

अमेरिकी मानकातील गुणतक्ता या संदर्भात उद्बोधक आहे. शंभर गुणांपैकी ३९ गुण एकट्या डोक्याला आहेत. त्यात नाकाला ६ गुण; पाठीला मात्र ५ आणि शेपटीला ४. म्हणजे संपूर्ण शरीराचा भार वाहणाऱ्या पाठीचे मोल नाकाहून कमी ठरले. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात बुलडॉगप्रेमींत जो मोठा वाद झाला तोही कण्याविषयी नव्हता. फिकट नाकाचे बुलडॉग स्पर्धेतून बाद करावेत की नाही, याविषयी होता.

त्यातही पाठीचे ५ गुण हे पाठीच्या बाह्यरेषेचे गुण होते. परीक्षकाला कणा दिसत नव्हता. रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रदर्शनानंतर ३६ वर्षांनी. आणि पशुवैद्यकात त्यांचा नित्य वापर होण्यास आणखी कित्येक दशके गेली. तोपर्यंत मानके पक्की झाली होती. परीक्षकाला जे दिसत होते ते शेपूट होते. आणि शेपूट म्हणजे कण्याचेच शेवटचे टोक. शेपटीचे पिळलेले, जोडले गेलेले, विकृत मणके हे शोभेचे चिन्ह ठरले. त्या चिन्हाची निवड करताना त्यामागे छातीच्या मणक्यांपर्यंत काय चालत आले, हे पाहण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

समकालीनांना काहीच जाणवले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. बुलडॉगच्या इतिहासात १८९० च्या दशकातील एका पैजेची कथा वारंवार सांगितली जाते. किंग ऑरी व डॉकलीफ या दोन नामांकित बुलडॉगना २० मैल चालविण्याची ती पैज होती. जुन्या हलक्या बांध्याच्या किंग ऑरीने अंतर पूर्ण केले. नव्या आवडीनुसार जड व ठेंगण्या असलेल्या डॉकलीफला ते जमले नाही. असे असूनही प्रदर्शनांतील पसंती डॉकलीफच्या बांध्याकडेच झुकत गेली. क्षमतेची परीक्षा झाली, निकालही लागला. परंतु तो निकाल मानकावर बंधनकारक नव्हता.

बाजार, साम्राज्य आणि अभिरुची

फ्रेंच बुलडॉगचा उगमही इंग्लंडमध्येच आहे. यंत्रांमुळे रोजगार गमावलेले नॉटिंगहॅमचे लेस विणकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्मंडीत स्थलांतरित झाले. त्यांनी सोबत नेलेल्या लहान आकाराच्या बुलडॉगपासून फ्रान्समध्ये ही जात घडली. पॅरिसमधील कलावंत व उच्चभ्रू वर्तुळात तिला स्थान मिळाले. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९७ मध्ये ‘बूबूल’ नावाच्या अशा कुत्र्याचे चित्र रेखाटले. त्याच वर्षी अमेरिकेत या जातीचा क्लब स्थापन झाला व वटवाघळासारखे उभे कान हे जातीचे लक्षण ठरले. कामगारांच्या घरातील कुत्रा अशा रीतीने तीन देशांच्या अभिरुचीतून चैनीची वस्तू बनला.

पेकिनीजचा इतिहास साम्राज्यवादाशी निगडित आहे. १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळील उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा तेथील पाच लहान कुत्रे इंग्लंडला नेण्यात आले. त्यांपैकी एक कॅप्टन डन याने १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीस अर्पण केला. त्याचे नाव ‘लूटी’ ठेवण्यात आले, हे त्या काळाच्या मनोवृत्तीवर पुरेसा प्रकाश टाकणारे आहे. पगही मूळ चीनचा. मात्र तो बराच आधी नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्यामार्फत युरोपात रुजला होता. अशा रीतीने भिन्न मूळ असलेल्या जाती एकाच प्रदर्शनव्यवस्थेत आल्या आणि सपाट मुख, आखूड शरीर व वळलेली शेपटी या लक्षणांचा सर्वांत समान गौरव होऊ लागला.

वैद्यकीय ज्ञानाचा विकास

गादीच्या विकाराची नोंद वैद्यकात बरीच आधी झाली. १८९६ मध्ये डेक्सलर यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या, गादीच्या जागी उद्भवणाऱ्या कूर्चामय गाठींचे वर्णन केले. त्या गाठी म्हणजे सरकलेली गादीच आहे, हे तेव्हा उमगले नव्हते. मानवाच्या बाबतीत हे आकलन १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांच्या लेखाने दृढ झाले. कुत्र्यांविषयीचा निर्णायक अभ्यास १९५२ मध्ये स्टॉकहोम येथील हान्स-यॉर्गेन हान्सेन यांनी प्रसिद्ध केला. डॅशहाउंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत गादीचा गर लहान वयातच कूर्चामय होतो, तर इतर जातींत ती झीज वार्धक्यात व निराळ्या प्रकारे होते, हे त्यांनी दाखविले. त्यांनी केलेले दोन प्रकार आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

जनुकीय उलगडा एकविसाव्या शतकात झाला. २०१७ मध्ये गुणसूत्र क्र. १२ वरील एफजीएफ-४ या जनुकाची एक अतिरिक्त प्रत गादीच्या अकाली झिजेस कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग व बोस्टन टेरियर या मळसूत्री शेपटीच्या जातींत डिशेवेल्ड-२ या जनुकातील बदल शोधून काढला. याच कुळातील जनुकांतील बिघाडामुळे मानवात रॉबिनो सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो. मानवात ज्याच्या सदृश अवस्थेची गणना दुर्मीळ व्याधीत होते, ते बुलडॉगमध्ये जातीचे लक्षण ठरले आहे.

मुख आणि कणा : संबंधाचे स्वरूप

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सपाट मुखामुळेच कणा बिघडतो काय? उपलब्ध पुरावा तसे दर्शवीत नाही. डॅशहाउंडचे मुख लांब व निमुळते आहे, तरीही गादीच्या विकाराचे ते सर्वांत परिचित उदाहरण आहे. उलट पगचे मुख अत्यंत सपाट असूनही त्यात डिशेवेल्ड-२ मधील तो बदल आढळत नाही. त्याच्या कुबडामागील कारणे निराळी आहेत. मुखाच्या आखूडपणाशी बीएमपी-३ व एसएमओसी-२ ही अन्य जनुके निगडित असल्याचे अनुक्रमे २०१२ व २०१७ मधील संशोधनाने दाखविले. डिशेवेल्ड-२ मधील बदलाचा डोक्याच्या आकारातही काही वाटा असावा, असे संशोधकांचे मत आहे. तथापि मुख, मणके व गादी या तिन्हींचा उगम एकाच जैविक कारणात नाही, हे स्पष्ट आहे.

मग ही तीन लक्षणे एका शरीरात एकत्र का आली? कारण ती एकाच मानकाने, एकाच प्रदर्शनमंचावर, एकाच अभिरुचीच्या लोकांनी एकत्र निवडली. हा संबंध मुख्यतः निसर्गाने नव्हे, तर इतिहासाने जोडलेला आहे.

याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बुलडॉग व फ्रेंच बुलडॉगमध्ये डिशेवेल्ड-२ मधील तो बदल जवळजवळ सर्व प्राण्यांत दोन्ही प्रतींत असतो. म्हणजे जातीच्या आत दोषमुक्त प्राणी निवडण्याचा मार्गच फारसा उरलेला नाही. वंशावळ-नोंदवही बंद असल्यामुळे बाहेरचे रक्त आत येऊ शकत नाही. २०१६ मध्ये डेव्हिस येथेच झालेल्या अभ्यासात बुलडॉगमधील जनुकीय वैविध्य अत्यंत आक्रसलेले असल्याचे दिसून आले होते. एकोणिसाव्या शतकात जातीच्या ‘शुद्धते’चे रक्षण म्हणून जी नोंदवही उघडली गेली, तीच दोषाचेही रक्षण करीत आली आहे.

सुधारणेचे प्रयत्न

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखविल्यानंतर ब्रिटनमध्ये मोठी खळबळ उडाली. बीबीसीने क्रफ्ट्स प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबविले. केनेल क्लबने मानकांचा फेरविचार केला व बुलडॉगचे मानकही बदलले. जानेवारी २०१० मध्ये पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. नेदरलँड्सने २०१४ च्या नियमास अनुसरून २०१९ मध्ये मुखाच्या लांबीचे निकष लागू केले. नॉर्वेत प्राणिसंरक्षण संस्थेने दाखल केलेल्या दाव्यात जानेवारी २०२२ मध्ये ओस्लो जिल्हा न्यायालयाने बुलडॉगच्या पैदाशीस मनाई केली. अपिलात ती उठली व ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बुलडॉगच्या पैदाशीस मुभा दिली. फिनलंडच्या केनेल क्लबने मणक्यांच्या क्ष-किरण तपासणीची श्रेणीपद्धती अवलंबिली आहे.

यांतील बहुतेक उपाय मुख व श्वसन यांभोवती फिरतात, हे येथे नमूद केले पाहिजे. घोरणे ऐकू येते. कणा आजही दिसत नाही. शिवाय अर्धमणके असलेले पुष्कळ प्राणी लक्षणरहित असल्याने ‘आमचा कुत्रा तर ठणठणीत आहे’ हा युक्तिवाद सहज केला जातो. दुसरीकडे मागणी वाढतच गेली. २०२२ च्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने अमेरिकेतील लॅब्रॅडोरचे ३१ वर्षांचे अग्रस्थान हिरावून घेतले. ब्रिटनमधील आयुर्मानाच्या अभ्यासात त्याच वर्षी कुत्र्यांचे सरासरी अपेक्षित आयुर्मान ११.२ वर्षे, तर फ्रेंच बुलडॉगचे सुमारे ४.५ वर्षे आढळले; अर्थात जातीच्या अलीकडील झपाट्याच्या वाढीमुळे तिच्यातील बहुतांश प्राणी तरुण आहेत, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचला पाहिजे.

भारतातही या अभिरुचीचा प्रसार झाला. २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल सेवेच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग घरोघरी पोहोचला आणि शहरांत त्याला मागणी वाढली. २०१७ मध्ये केंद्र शासनाने श्वान पैदास व विपणनविषयक नियम करून पैदासकारांची नोंदणी बंधनकारक केली. पैदाशीच्या व्यवसायावर नियंत्रण आणणारे हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु नोंदणीकृत पैदासकाराकडील पगचा कणाही मानकाप्रमाणेच घडतो, ही मर्यादा उरतेच.

निष्कर्ष

१) सपाट मुखाच्या जातींतील कण्याचे विकार हे एका ऐतिहासिक प्रक्रियेचे फलित आहेत. काम संपणे, प्रदर्शन सुरू होणे, मानक लिहिले जाणे व नोंदवही बंद होणे हे तिचे चार टप्पे होत.

२) मुख व कणा यांचा संबंध मुख्यतः ऐतिहासिक असल्यामुळे तो अपरिहार्य नाही. इतिहासाने जे जोडले ते विचारपूर्वक सोडविता येते.

३) परंपरा हा मानकाच्या समर्थनार्थ दिला जाणारा प्रमुख आधार आहे. परंतु ही परंपरा जेमतेम दीडशे वर्षांची आहे. १८३५ पूर्वीच्या बुलडॉगला आजच्या मानकाने कदाचित बक्षीस मिळाले नसते.

४) केवळ तपासणीने हा प्रश्न सुटणार नाही, कारण जातीच्या आत निवडीस वावच उरलेला नाही. अन्य जातींशी नियोजित संकर हाच दूरगामी मार्ग दिसतो. डॅल्मेशियन जातीतील युरिक आम्लाचा दोष दूर करण्यासाठी १९७३ मध्ये पॉइंटरशी केलेल्या संकराचे वंशज अमेरिकेच्या केनेल क्लबने २०११ मध्ये स्वीकारले. त्यास ३८ वर्षे लागली. तो विलंब जीवशास्त्राचा नव्हता. ‘शुद्धते’च्या कल्पनेचा होता.

१८३५ चा कायदा करणाऱ्यांनी बुलडॉगला बैलाच्या शिंगांपासून वाचविले. त्यानंतर त्याच्या कण्याला झालेली इजा कोणी हेतुपुरस्सर केली नाही. ती कौतुकाने केली गेली. क्रौर्य ओळखणे कायद्याला तुलनेने सोपे गेले. कौतुकातून होणारी इजा ओळखण्यासाठी मात्र त्या कौतुकाचाच इतिहास लिहावा लागतो. या विषयाकडे पशुवैद्यकाबरोबरच इतिहासाच्या अभ्यासकांनीही लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे आहे.